घसारा

परवा आमच्या घरात अधिवेशन भरले. विषय एकच : सतरा वर्षांची गाडी ठेवायची, की नवी घ्यायची? नवीच्या बाजूने सौ. आणि चिरंजीव, जुनीच्या बाजूने एकटे अस्मादिक. दादा, म्हणजे आमचे वडील, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांना कुणी काही विचारले नव्हते.

मी पडलो बी.कॉम. वही काढली, मधोमध रेघ मारली. गाडी २००८ साली अडीच लाखांना घेतली. दरसाल १५ टक्के घसारा, तोही घटत्या शिलकीवर, धरला तर आज तिची किंमत सुमारे पावणेसोळा हजार उरते. या पद्धतीची गंमत अशी, की किंमत दरवर्षी उतरते, पण शून्य म्हणून कधी होत नाही.

"म्हणजे ही गाडी तुमच्या वहीतून कधीच जायची नाही," सौ. म्हणाली. कॉमर्स न शिकता हिला हे कसे कळते, ते मला कळत नाही.

मग नवीचा हिशेब. सहा लाख कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षे मुदत. हप्ता महिना ९,६५३ रुपये. नुसते व्याजच दोन लाख दहा हजारांच्या वर. बँकेत काउंटरवर लोकांना असले आकडे सांगताना माझा आवाज कसा मधाळ असतो! घरी सांगताना घशाला कोरड पडली.

"बाबा, आपल्या शहराची काही इज्जत आहे की नाही?" चिरंजीव उसळले. "इथं एका दमात दीडशे मर्सिडीज आल्या होत्या!"

पोरगा तेव्हा रांगत होता. पण ही कथा आमच्याकडे बाळकडूबरोबरच पाजतात. ऑक्टोबर २०१०. तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, डॉक्टर, बिल्डर वगैरे मंडळी एकत्र आली आणि त्यांनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी. हेतू काय, तर शहर जगाच्या नकाशावर यावे. वेरूळचे कैलास लेणे बाराशे वर्षे इथेच उभे आहे. नकाशा काढणाऱ्यांच्या ते नजरेतून सुटले असावे!

त्या ६५ कोटींतले सुमारे ४४ कोटी स्टेट बँकेचे कर्ज होते, ७ टक्के दराने. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून बरेच चढे व्याज पडते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच डिसेंबरात 'द हिंदू'मध्ये लिहिले, तेव्हा मिरवणुकीतल्या बँडचा सूर थोडा उतरला. त्यातला एक सिद्धान्त मात्र मी मनाशी पक्का केला : व्याज स्वस्त हवे असेल, तर गाडी महाग घ्यावी. आमचा सहा लाखांचा जीव त्यात कुठे बसणार?

"दीडशे लोकांनी घेतली ती गाडी जगाला दाखवायला," मी म्हणालो. "आपली कुणाला दाखवायची?"

"माझ्या भावाला," सौ. प्रामाणिकपणे म्हणाली.

इथे दादांनी पेपर खाली ठेवला.

"मुहम्मद तुघलकाचा हिशेब तुझ्यासारखाच चोख होता," ते म्हणाले. "१३२७ साली त्यानं राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला आणली. दक्षिणेवर नजर ठेवायला मोक्याची जागा, किल्ला बळकट. देवगिरीचं दौलताबाद केलं. आणि काही वर्षांत पुन्हा दिल्ली! का? ज्यांनी बिऱ्हाड हलवायचं, त्यांना विचारलं होतं का?"

"पण दादा, तुघलकाचा इथं काय संबंध?"

"मला विचारलंस? सहा महिने झाले, त्या गाडीतून उतरताना माझे गुडघे साथ देत नाहीत. सीट फार खाली आहे. म्हणून मी कुठं येत नाही. तुम्हाला वाटतं, म्हातारा घरकोंबडा झाला."

अधिवेशन गप्प झाले. मी वही पाहिली. घसारा गाडीचा मांडला होता. माणसाचा रकानाच आखला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्तरीकडे गेलो. त्याने बॉनेट उघडले, कान लावला. "इंजिन मक्खन है साब. बेचना नक्को." मग पुढच्या सीटवर चार इंची कडक गादी शिवून घेतली, खर्च अकराशे. हा खर्च भांडवली की महसुली, यावर मी अजून विचार करतो आहे.

रविवारी चौघे दौलताबादला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी दादा दार उघडून, कुणाचा हात न धरता उतरले. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि चक्क हसली. गाडीची नोंदणी २०२३ साली पाच हजार भरून वाढवून घेतली आहे. म्हणजे पुढचे अधिवेशन २०२८ला. तेव्हा दादांचे मत पहिले.

मग पायरीवर बसून दादांनी चिरंजीवांना तुघलक पुन्हा पहिल्यापासून सांगितला. त्याची किंमत मात्र अजून एका पैशानेही घसरलेली नाही.