साठवणूक विकार

साठवणूक विकार हा एक मानसिक विकार आहे. वस्तूचे प्रत्यक्ष मूल्य काहीही असो, ती टाकून देणे किंवा दुसऱ्यास देणे या विकाराच्या रुग्णास सातत्याने अवघड जाते. वस्तू हातावेगळी करण्याच्या नुसत्या कल्पनेनेही त्याला तीव्र अस्वस्थता येते. परिणामी घरात वस्तूंचे ढीग वाढत जातात आणि चुलीवर स्वयंपाक करणे, पलंगावर झोपणे, न्हाणीघरात स्नान करणे यांसारखे साधे व्यवहारही अशक्य होतात. मराठीत 'साठेबाजी' हा शब्द धान्य-तेलाच्या नफेखोर व्यापाऱ्यासाठी रूढ आहे. त्या साठ्यामागे हिशेब असतो, या साठ्यामागे नसतो. म्हणून येथे तो शब्द वापरणे योग्य नाही.

निदान

दीर्घकाळ हे वर्तन सक्तिविचार-सक्तिकृती विकाराचे एक लक्षण मानले जात असे. रँडी फ्रॉस्ट, गेल स्टेकेटी आदी अमेरिकी संशोधकांनी १९९०च्या दशकापासून केलेल्या अभ्यासामुळे ही समजूत बदलली. २०१३ साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत त्यास स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणातही त्याची स्वतंत्र नोंद आहे. वृद्धापकाळी स्वतःची व घराची कमालीची आबाळ करणाऱ्या व्यक्तींसाठी १९७५ पासून 'डायोजेनिस लक्षणसमूह' अशी संज्ञा प्रचारात आली. नामकरण मात्र विपरीत म्हणावे लागेल, कारण ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिस जवळजवळ काहीच न बाळगण्याबद्दल प्रसिद्ध होता.

माळ्यावर जुनी पितळी भांडी असणे, रद्दी महिनोन्महिने साचणे किंवा 'कधीतरी लागेल' म्हणून दोऱ्या-पिशव्या जपणे म्हणजे हा विकार नव्हे. दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत ज्या घरातून भंगार बाहेर पडते, त्या घराची वस्तूंवर सत्ता असते. संग्राहकाचाही प्रकार वेगळा. तो नाणी वा तिकिटे निवडतो, लावतो आणि अभिमानाने दाखवतो. साठवणूक विकाराचा रुग्ण बहुधा दार लावून घेतो.

कॉलियर बंधू

या विकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील होमर (जन्म १८८१) व लँग्ली (जन्म १८८५) या कॉलियर बंधूंचे आहे. वडील स्त्रीरोगतज्ज्ञ, होमर स्वतः कायद्याचा पदवीधर, लँग्ली पियानोवादक. अडाणीपणा किंवा दारिद्र्य हे या वर्तनाचे कारण असते असे मानणाऱ्यांनी एवढा तपशील ध्यानात घ्यावा. फिफ्थ ॲव्हेन्यू व १२८वा रस्ता यांच्या कोपऱ्यावरील घरात आई-वडिलांच्या मृत्यूनंतर दोघेच राहत. दूरध्वनी, वीज, वायू व पाणी या सोयी एकेक करून बंद झाल्या. १९३३ साली होमरची दृष्टी गेली व पुढे संधिवाताने तो जागेवर खिळला. लँग्ली त्यास संत्री खाऊ घाली आणि दृष्टी परत आल्यावर वाचता यावीत म्हणून वर्तमानपत्रे जपून ठेवी. चोरांच्या भयाने त्याने ढिगाऱ्यांतून बोगदे काढले व वाटेत सापळे रचले.

२१ मार्च १९४७ रोजी घरात मृतदेह असल्याचा निनावी दूरध्वनी पोलिसांना आला. सामानाच्या भिंतीमुळे दारातून शिरणे अशक्य झाले, तेव्हा एक शिपाई वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत गेला. होमर मृतावस्थेत आढळला. तो उपाशी होता. लँग्ली पळून गेल्याच्या वावड्या उठल्या आणि इतर शहरांतही त्याचा शोध झाला. प्रत्यक्षात ८ एप्रिल रोजी त्याचा देह भावापासून सुमारे दहा फुटांवर सापडला. भावाकडे सरपटत जात असताना स्वतःच रचलेला सापळा त्याच्यावर कोसळला होता. लँग्ली आधी मेला आणि त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असलेला अंध भाऊ त्यानंतर अन्नावाचून गेला, हा क्रम या घटनेत सर्वांत विदारक आहे.

घरातून १२० टनांहून अधिक सामान निघाले: चौदा पियानो, हजारो ग्रंथ, मोटारीचा सांगाडा, बाबागाड्या आणि वर्तमानपत्रांच्या थप्प्या. एवढ्या पसाऱ्यातून लिलावात दोन हजार डॉलरही हाती आले नाहीत. धोकादायक ठरलेली वास्तू त्याच वर्षी पाडण्यात आली. आज तेथे भावांच्या नावाचे लहान उद्यान आहे. न्यूयॉर्कचे अग्निशामक जवान ठासून भरलेल्या घराला अद्यापही 'कॉलियर्स मॅन्शन' म्हणतात. ई. एल. डॉक्टरो यांची 'होमर अँड लँग्ली' (२००९) ही कादंबरी याच भावांवर आधारित आहे.

धोके

आग हा सर्वांत मोठा धोका होय. कागद व कापडाचे ढीग आगीला इंधन पुरवतात आणि बाहेर पडण्याच्या वाटाही अडवतात. मदतीस आलेला जवान त्याच ढिगाऱ्यात अडकतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या अग्निशमन दलाने दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा घरांतील आगी निवासी आगींच्या एक टक्क्याहूनही बऱ्याच कमी, परंतु टाळता येण्याजोग्या निवासी आगींतील मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश मृत्यू त्याच घरांतील, असे आढळले.

भाराचा विचार सहसा कोणी करत नाही. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार गृहीत धरून आखतात. घट्ट रचलेल्या कागदाच्या एक घनमीटर थप्पीचे वजन ५०० किलोहून अधिक भरते. म्हणजे कमरेएवढी रद्दी खोलीभर साठली की जमिनीवर अपेक्षेच्या दुपटीहून जास्त ओझे येते. यांखेरीज अडखळून पडणे, बुरशी व धुळीमुळे होणारे श्वसनविकार, उंदीर-झुरळांचा उपद्रव हे धोके आहेतच.

घराची सफाई

अमेरिका, ब्रिटन, जपान आदी देशांत अशा घरांची सफाई हा स्वतंत्र व्यवसाय बनला आहे. २००९ पासून प्रसारित होणाऱ्या 'होर्डर्स' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेने तो घराघरांत पोहोचवला, पण दोन-तीन दिवसांत घर चकाचक होते असा गैरसमजही रुजवला.

काम पाहणीपासून सुरू होते. पसाऱ्याची पातळी ठरवण्यासाठी नऊ छायाचित्रांची चढती मालिका वापरतात. समोरची खोली कोणत्या चित्राशी जुळते एवढेच पाहायचे असते. त्यानंतर दारापासून आत वाट मोकळी करतात. ढीग वरून खाली उतरवतात; मधली वस्तू ओढल्यास सगळाच डोलारा अंगावर येतो. कामगारांना श्वसनमुखवटा, जाड हातमोजे व टोक न घुसणारे बूट आवश्यक असतात, कारण ढिगात सुया, काचा व कुजलेले अन्न दडलेले असते. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडल्यास हंतासारखे विषाणू हवेत उडतात, म्हणून त्या जंतुनाशकाने आधी भिजवून मग टिपून घेतात. मांजरांच्या मूत्राने भिजलेल्या जागी ब्लीच ओतणे घातक ठरते. त्यातील अमोनियाशी संयोग होऊन विषारी क्लोरामाइन वायू तयार होतो.

वर्गवारी हा कामाचा खरा गाभा. ठेवायचे, द्यायचे, भंगारात घालायचे आणि फेकायचे असे गट पाडतात. जुन्या पाकिटांत नोटा, पुस्तकांत घराची कागदपत्रे निघतात, त्यामुळे पिशव्या न उघडता फेकणारा सफाईवाला स्वस्त असला तरी महाग पडतो.

घरमालक रुग्णालयात वा गावाला गेला असताना नातेवाइकांनी परस्पर घर रिकामे करणे हा सर्वांत सोपा वाटणारा आणि बहुधा सर्वांत वाईट उपाय आहे. त्याने रुग्णाचा विश्वास तुटतो, मदतीचे दार बंद होते आणि मोकळी जागा पुन्हा भरू लागते. आगीचा किंवा लहान मुलांच्या जिवाचा प्रश्न असेल तर थांबता येत नाही. मात्र तेव्हाही आधी निर्गमाची वाट, शेगडी व वीजजोडणीच्या जागा मोकळ्या कराव्यात आणि उरलेले रुग्णाच्या संमतीने हळूहळू हाताळावे.

उपचार

या विकारासाठी बेतलेली बोधात्मक-वर्तन उपचारपद्धती सर्वाधिक अभ्यासली गेली आहे. उपचारक घरी येऊन रुग्णाकडूनच वस्तूंची निवड करवून घेतो. नवी वस्तू न घेता दुकानातून परतण्याचाही सराव असतो. उपचार अनेक महिने चालतात. सुधारणा होते, पण पसारा पूर्णतः नाहीसा होतोच असे नाही.

कायदा

जपानमध्ये अशा घरांना 'गोमी-याशिकी', म्हणजे कचऱ्याचा वाडा, म्हणतात. टोकियोच्या आदाची प्रभागासह काही स्थानिक संस्थांनी त्यासाठी खास नियम केले आहेत. भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये मानसिक आजाराच्या व्यक्तीस शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क आहे. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य साहाय्यसेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.