घाटउतारावरील वेगनियंत्रण

जड वाहन, विशेषतः मागे ट्रेलर जोडलेले वाहन, लांब उतारावरून खाली आणताना त्याचा वेग हाताबाहेर जाऊ न देण्याची रीत. प्रस्तुत नोंद मुख्यतः बोरघाटापुरती आहे. आपटा व पनवेल हा भाग या घाटाखालच्या सपाटीत येतो. पुण्याकडून न्हावा-शेवा बंदराला जाणारे कंटेनर घाट उतरूनच इकडे पोचतात.

तत्त्व : सुमारे 40 टनांचा भरलेला ट्रेलर 500 मी. खाली येतो तेव्हा मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेवर सहाशे लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकली, तर ड्रम तापतात, लायनर धरेनासे होतात आणि पायाखालचा ब्रेक लागूनही गाडी धावत राहते. (जवळपास एवढ्याच उंचीवरून पडणाऱ्या पाण्यावर टाटांचे खोपोली जलविद्युत केंद्र 1915 पासून चालते, तेथून सुटलेले पाणी पाताळगंगेतून आपट्यावरून खाडीला मिळते.)

म्हणून बराचसा भार इंजिनावर घ्यावा लागतो. घाट जितक्या खालच्या गिअरमध्ये चढला असता, तितक्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे जुने चालक सांगतात. गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकायचा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच राहते. ब्रेक सतत घासत ठेवू नये, ठामपणे दाबून वेग उतरवावा व सोडावा. एक्झॉस्ट ब्रेक व रिटार्डर याच कामाला जोड देतात. ट्रेलरचा ब्रेक घोड्याच्या, म्हणजे पुढच्या इंजिनगाडीच्या, ब्रेकपेक्षा कमी लागत असेल, तर मागचा बोजा घोड्याला ढकलतो आणि वळणावर जोड दुमडते.

लोहमार्ग : या विषयाची खरी शाळा रेल्वेच होय. जेम्स बर्कली यांच्या आखणीनुसार 1856 मध्ये सुरू झालेला बोरघाटाचा मार्ग 1863 मध्ये खुला झाला. मूळ कंत्राटदार फॅव्हिएल यांच्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल आले. ते 1859 मध्ये मरण पावल्यावर काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांच्या नावाने पुरे झाले. सुमारे 25 किमी.मध्ये 1,831 फूट चढ, सर्वांत तीव्र उतार 37 फुटांस 1 फूट, बोगदे 25. सर्व डब्यांना एकत्र लागणारा ब्रेक त्या काळी नव्हता. हातब्रेकवाली माणसे डब्यांवर नेमलेली असत. मध्ये रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडीची दिशा उलटत असे. ही व्यवस्था 1929 च्या नव्या मार्गाने संपली.

त्याच सुमारास विद्युतीकरण झाले व ‘खेकडा’ नावाने ओळखली जाणारी डब्ल्यूसीजी-1 इंजिने आली. उतरताना त्यांच्या मोटरी जनित्रासारख्या चालत, वेग रोखत आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाई. चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला ती वापरता येई. ट्रकवाल्यांना हे सुख अजून फारसे लाभलेले नाही.

घाटातील कॅच साइडिंग हा आणखी खास उपाय. मंकी हिलसारख्या ठिकाणी उतरत्या मार्गाचे सांधे एरवी चढावर जाणाऱ्या आडमार्गाकडेच लावलेले असतात. गाडी आधी पूर्ण थांबते, म्हणजे ब्रेक शाबूत असल्याची खात्री पटते, आणि मगच मुख्य मार्ग मोकळा होतो. न थांबलेली गाडी आडमार्गावर चढून आपोआप मंदावते. रस्त्यावर अशी सक्तीची थांबण्याची जागा नाही, ही मोठी उणीव.

रस्ता : सर जॉन माल्कम यांनी 1830 मध्ये घाटरस्ता खुला केला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 पासून पूर्णपणे वापरात आहे.

अपघात : ‘ब्रेक निकामी’ हे कारण बहुतेक अपघातांत पुढे येते; ते मूळ कारण की न्यूट्रलचा परिणाम, याबाबत चालक, मालक व पोलीस यांची मते जुळत नाहीत. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडण्याची सवय मात्र सर्वांना ठाऊक आहे. इंजिनच बंद केल्यास हवेचा कॉम्प्रेसर थांबतो व ब्रेकची हवा दर दाबागणिक घटते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. कात्रज नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हाही हा मुद्दा चर्चेत आला.

ट्रॅक्टर : उसाच्या जोडट्रॉल्यांना बहुधा स्वतंत्र ब्रेक नसतो.

पिकअप : मागे जड ट्रेलर ओढण्याची पद्धत महाराष्ट्रात रुळलेली नाही, माल हौद्यातच भरतात.