सांगणारा आणि लिहिणारा

तुडीलच्या खाडीपट्ट्यातून सावित्री नदी समुद्राकडे जाते. तिला येऊन मिळणारं बरंच पाणी वरंध घाटाखालच्या डोंगरांतलं, आणि त्याच डोंगरांत शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी सांगितलं, शिष्य कल्याणस्वामींनी लिहिलं आणि दासबोध इथे झाला, असं परंपरा मानते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ही घळ शोधून काढली.

दोघांनी मिळून ग्रंथ सिद्ध करायची ही रीत मराठीत मुळापासूनची. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसं गाठून जमवल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, तेव्हा लीळाचरित्र उभं राहिलं. १२९० साली ज्ञानेश्वरी उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव तर ग्रंथाच्या अखेरीस ओवीतच आलं आहे. लिहून घेणाऱ्याला आपल्या भाषेनं असं ग्रंथात बसवलं, याचं मला फार मोल वाटतं.

दासबोधात तर लिहिण्याच्या कामालाच स्वतंत्र समास मिळाला आहे. वीस दशकं, दोनशे समास, साडेसात हजारांवर ओव्या, हे काही एका बैठकीचं काम नव्हे. सहाव्या दशकात कलियुगाच्या ४७६० वर्षांचा उल्लेख येतो, म्हणजे तो भाग १६५९ च्या सुमाराचा. इतकं लांबलेलं काम हाती घेणाऱ्याला काय काय ठाऊक हवं, ते एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात आहे. बाळबोध अक्षर घोटून घोटून सुंदर करावं. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटचं निघावं, सगळा ग्रंथ एकाच टाकानं लिहिल्यासारखा दिसावा. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहतं. बरू निवडून आणावेत, शाई आणि हिंगूळ साठवून ठेवावेत, पोथी मेणकापडात बांधून कुलपाच्या पेटीत जपावी. कोकणातला पाऊस पाहिलेल्या माणसाला मेणकापडाची गरज वेगळी सांगावी लागत नाही.

आणि लिहिणारा म्हणजे नुसता हात नव्हता. दासबोधात श्रोता सारखा शंका काढतो, आणि त्या शंकेतून पुढचं निरूपण निघतं. सांगणाऱ्याचं प्रत्येक वाक्य सर्वांत आधी ऐकणारा तो लिहिणाराच. सांगणं कुठे अडलं, कुठे गुंतलं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? म्हणून कल्याणांना मी लेखनिक म्हणत नाही, सहकर्ता म्हणतो.

समर्थांनी १६८२ साली सज्जनगडावर देह ठेवला. कल्याणांनी सीनाकाठी, परांड्याजवळच्या डोमगावला मठ केला, आणि १७१४ साली तेही गेले. त्यांच्या हातची मानली जाणारी प्रत त्या मठात राहिली. शंकर श्रीकृष्ण देवांनी पुढे १९०५ साली दासबोध छापला, तो तिच्यावरूनच.