तात्कालिक गती व स्वयंचलित अवकलन

तात्कालिक गती : विशिष्ट क्षणी ग्रहाचे स्थान ज्या वेगाने बदलते तो वेग. पूर्वी ग्रहाच्या आजच्या व उद्याच्या स्पष्ट स्थानांतील अंतर ही त्याची दैनिक गती मानीत. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) सिद्धांतशिरोमणी (११५०) या ग्रंथात ती स्थूल ठरविली. चंद्राची गती दिवसभरातही पालटते; म्हणून जवळची तिथी कोणत्या घटकेस संपते हे काढताना तात्कालिक गतीच घ्यावी, असे त्यांनी सांगितले.

मध्यम स्थानास ज्येवर अवलंबून असलेला मंदफल-संस्कार दिल्यावर स्पष्ट स्थान मिळते. त्यासाठी भास्कराचार्यांनी त्रैराशिक मांडले : कोटिज्या त्रिज्येइतकी असता ज्येतील वाढ २२५ कला, तर इष्ट कोटिज्येस किती? आधुनिक परिभाषेत हे ज्या-फलनाचे अवकलन होय. हे तत्त्व मुंजालाच्या लघुमानसातही (९३२) आढळते. मात्र सीमेची संकल्पना येथे नसल्याने यास अवकलनाची पूर्वपीठिका म्हणणेच युक्त ठरते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापिल्याचे पाटण (ता. चाळीसगाव) येथील १२०७ च्या शिलालेखावरून कळते.

दोन मूल्यांचे अंतर न घेता गणनेच्या प्रत्येक पायरीचे अवकलन करून ती साखळी नियमाने जोडणे, हे संगणकीय स्वयंचलित अवकलनाचे तत्त्व होय. आर. ई. वेंगर्ट यांनी १९६४ मध्ये त्याची सुलभ पद्धती प्रसिद्ध केली. सेप्पो लिन्नाइन्मा यांनी १९७० मध्ये पायऱ्या शेवटाकडून आरंभाकडे घेणारी पद्धती मांडली. तीमुळे चले कितीही असली, तरी एका फलनाचे सर्व आंशिक अवकलज मूळ गणनेच्या काही पट श्रमांतच मिळतात. कृत्रिम तंत्रिका जालांचे प्रशिक्षण याच पद्धतीवर आधारलेले आहे.