‘दारूनं गेला’ या वाक्यामागे

आमच्या रावेरच्या घरात थोरल्या काकांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असे : ‘दारूनं गेला.’ पोट पाण्यानं फुगलेलं, डोळे पिवळे, हातपाय काटकुळे. मी शाळेत असताना ते जलोदरानं गेले. त्यांच्या बरोबरीनं पिणारे दोघे मात्र सत्तरी ओलांडून केळीच्या बागेत हिंडत राहिले. हा फरक कशाचा, हे कुणी विचारलं नाही. मलाही तो प्रश्न दारूबंदीचा इतिहास वाचताना उशिरा सुचला.

त्या इतिहासात दारू दोन रूपांत भेटते. 1878च्या मुंबई अबकारी कायद्यात ती सरकारी महसूल आहे; गाळणं-विकणं परवान्याखाली आलं. पुढे ती नीतीचा प्रश्न झाली. रावेरजवळच्या फैजपूरला डिसेंबर 1936मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. त्याच पक्षाच्या खेर सरकारनं 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. दरम्यान तळोद्याकडे गुलाम महाराजांच्या शब्दाखातर असंख्य भिल्लांनी दारू सोडली. 1949मध्ये मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा झाला. महसूल, नाहीतर पाप. पिणाऱ्याचं यकृत या वादात फारसं आलंच नाही.

पूर्ण चित्र तेव्हा दिसणंही शक्य नव्हतं. पाण्यातून येणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत उतरते. पण यकृतात वर्षानुवर्षं गुपचूप राहणारे विषाणू वेगळे. हिपॅटायटिस ‘बी’ची खूण ब्लमबर्ग यांना 1960च्या दशकात सापडली, ‘सी’ 1989मध्ये. नीट न उकळलेली सुई, न तपासता चढवलेलं रक्त ही दोन्हींची वाट. ‘बी’ जन्मताना आईकडून बाळालाही लागतो.

दारू यकृतात मोडताना असिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो. पेशी सुजतात, मरतात, त्यांच्या जागी निबर तंतू साचतात. विषाणूमुळेही शेवटी हेच घडतं. दोन्ही एकत्र आले की घाव भरायला उसंत मिळत नाही. 1997मध्ये फ्रेंच संशोधकांनी ‘सी’चे 2,235 रुग्ण अभ्यासले. रोज 50 ग्रॅम किंवा जास्त मद्यार्क घेणाऱ्यांचं यकृत लवकर निबर होत होतं. 50 ग्रॅम म्हणजे विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूची एक क्वार्टरसुद्धा नव्हे. चाळिशीआधी लागण झालेल्या, न पिणाऱ्या स्त्रियांत सिरॉसिसपर्यंतचा अंदाज 42 वर्षांचा होता. चाळिशीनंतर लागण झालेल्या पुरुषांत 13 वर्षांचा. वय आणि लिंग यांचाही त्यात वाटा होता, पण बदलता येण्याजोगी गोष्ट एकच होती : पेला.

गेल्या वर्षी काकांच्या मुलाच्या रक्तात ‘बी’ निघाला. त्यावरून काकांचं काही सिद्ध होत नाही. त्यांचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. पण भावानं त्या दिवसापासून पेला खाली ठेवला. ‘बी’ औषधानं आटोक्यात राहतो, ‘सी’ गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. 2018पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मात्र विषाणू अंगात असताना दारूचं सुरक्षित असं माप नाही.

काकू अजून तेच वाक्य म्हणतात. मी त्यांना खोडत नाही. फक्त घरातल्या पोरांना सांगतो, ‘दारूनं गेला’ म्हणायच्या आधी ‘रक्त तपासलं होतं का?’ एवढं विचारा.