वाटाड्याचें नांव

गिरगांव, परळ किंवा लालबाग येथील चाळीच्या आवारांत डुगडुगी वाजली, कीं सारीं पोरें जिन्यावरून धांवत खालीं जात. दरवेशी अस्वल घेऊन आलेला असे. नाकांत वेसण, गळ्यांत दोरी आणि मागच्या पायांवर उभें राहून डुलणारें तें केसाळ जनावर पाहून लहान मुलें घाबरत; आणि तीच भीति जावी म्हणून आया त्याचाच केस ताइतांत घालून मुलांच्या गळ्यांत बांधीत. मुंबईकराला अस्वलाची पहिली ओळख झाली ती अशी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा खेळ हळूहळू बंद पडत गेला, आणि २००९ च्या सुमारास तो संपला. पण दरवेशाचें अस्वल अरण्य विसरलेलें अस्वल होतें. जें आपल्या मनानें हिंडतें, त्याला पाहावयाचें तर त्याच्या शेजारीं राहणाऱ्या माणसालाच वाट विचारावी लागते. महाराष्ट्रांत ती माणसें म्हणजे मुख्यतः चंद्रपुराकडील गोंड आणि मेळघाटांतील कोरकू.

त्यांना न विचारल्यानें काय होतें, याचें उदाहरण शास्त्राच्या इतिहासांतच आहे. इंग्लंडमधील पंडित जॉर्ज शॉ यांनीं १७९१ सालीं आपल्या या अस्वलाचें वर्णन केलें, तें त्याला दक्षिण अमेरिकेंतील झाडाला उलटें लटकून राहणाऱ्या ‘स्लॉथ’ नांवाच्या मंद प्राण्याचा भाऊबंद समजून! लांबलचक नख्या आणि वरच्या जबड्यांत पुढचे दोन दांत नाहींत, एवढ्या पुराव्यावर हा निकाल लागला. पुढें चूक उमगली. पण इंग्रजी नांवांत ‘स्लॉथ’ हा शब्द आजतागायत चिकटून राहिला आहे. त्या नख्या झाडाला लटकण्यासाठीं नसून वारूळ फोडण्यासाठीं आहेत, आणि दांतांची ती फट वाळवी ओढून घेण्यासाठीं आहे, हें मोहाखालीं वाढलेल्या कोणत्याहि पोरानें सांगितलें असतें.

शास्त्र आणि अरण्य यांची गांठ घालण्याचा एक मोठा उद्योग मुंबईंतच सुरू झाला. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील संग्रहालयांत, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. आठांपैकीं दोघे मराठी होते : प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिज्ञ डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून संस्थेचें नियतकालिक निघूं लागलें. त्याच्या पहिल्या संपादकांत रॉबर्ट स्टर्न्डेल हे होते. १८७७ सालीं त्यांनीं सातपुड्यांतील शिवनीच्या रानावर पुस्तक लिहिलें होतें. याच मुंबईंत जन्मलेल्या किपलिंगनें पुढें १८९४ सालीं आपल्या मोगलीला आणि बालू अस्वलाला त्याच शिवनीच्या रानांत नेऊन सोडलें. १९११ सालीं संस्थेनें हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांची पाहणी हातीं घेतली, आणि तिचा आरंभ खानदेशांत झाला.

या साऱ्या लेखनांत एक गोष्ट मात्र सहज नजरेंत भरते. साहेबाचें नांव असतें, बंदुकीची जात असते, कातड्याचें माप इंचांत दिलेलें असतें. ज्यानें अस्वलापर्यंत नेलें, तो मात्र बहुधा नुसता ‘गोंड’, ‘भिल्ल’ किंवा ‘शिकारी’ असतो.

त्याची विद्या कोणती, हें पाहण्यासारखें आहे. अस्वल दिसण्याआधीं तें वाचावें लागतें. वारुळाला पडलेलें ताजें खिंडार, मधासाठीं चढतांना सालीवर उमटलेले ओरखडे, विष्ठेंतील बोराच्या, जांभळाच्या किंवा बहाव्याच्या बिया, हीं त्याचीं अक्षरें होत. वाळवी ओढतांना होणारा फुरफुराट शंभर पावलांवरून ऐकूं येतो. त्याची दृष्टि मंद व घ्राणशक्ति तीक्ष्ण. म्हणून वारा कोणीकडून वाहतो, हें आधीं पाहावें लागतें. आई पिलांना पाठीवर बसवून हिंडते. अशी आई दिसली, तर पाऊल मागें घ्यावें, ही या विद्येंतील पहिली शिकवण.

ही विद्या फुकट मिळालेली नाहीं. उन्हाळ्याच्या तोंडीं मोह गळूं लागतो. पहाटे टोपली घेऊन फुलें वेंचावयास माणूस निघतो, आणि त्याच वेळीं त्याच झाडाखालीं अस्वलहि येतें. अंधुक उजेडांत दोघें अवचित समोरासमोर आलीं, कीं घाबरलेलें अस्वल तोंडावरच झेप घेतें. विदर्भांतील कित्येक गांवांत अशा जखमांचे व्रण घेऊन वावरणारीं माणसें आहेत. शहरांतील पाहुण्याला जो आनंद, तो त्यांच्या घरीं धोका असतो.

पुढें बंदूक गेली आणि संरक्षण आलें. ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हां निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होतें. ताडोबा हें नांवच मुळीं गोंडांचें : वाघाशीं झुंजतांना पडलेल्या तारू नांवाच्या पुरुषाला ते देव मानतात, आणि त्याचें ठाणें तळ्याकांठीं आहे. अरण्य राखावयाचें म्हणून आंतील गांवें मात्र बाहेर न्यावीं लागलीं. मेळघाटांतील बोरी, कोहा, कुंड हीं कोरकूंचीं गांवें या शतकाच्या आरंभीं हलविण्यांत आलीं. अस्वल आंत राहिलें. त्याचा शेजारी बाहेर आला.

आज तोच शेजारी दुसऱ्या रीतीनें आंत जातो. या व्याघ्रप्रकल्पांत पाहुण्याच्या गाडीबरोबर स्थानिक वाटाड्या घ्यावा लागतो, आणि ताडोबांत या कामावर स्त्रियाहि आहेत. दादरहून गेलेलें कुटुंब दुर्बीण डोळ्यांना लावून वाघच शोधीत बसतें. वाटाड्या गाडी थांबवितो, ओठांवर बोट ठेवतो आणि वारुळाकडे हात करतो. काळा केसाळ गोळा हलतो, छातीवरचा पांढरा पट्टा क्षणभर दिसतो आणि अस्वल बांबूंत नाहींसें होतें. घरीं आल्यावर त्याचें छायाचित्र चार जणांना कौतुकानें दाखविलें जातें. तें दाखवितांना ‘अस्वल कोणीं दाखविलें?’ या प्रश्नाला एखाद्या माणसाचें नांव उत्तर म्हणून देतां आलें, तर शंभराहून अधिक वर्षांच्या एका जुन्या ऋणाची फेड सुरू झाली, असें म्हणतां येईल.