हायड्रोफॉइल पॅडलबोर्ड

उभ्याने वल्हवायच्या फळीच्या तळाशी दांड्यावर जलपंख बसवून तयार केलेले, लाटेच्या ओघात पाण्याबाहेर उचलले जाणारे क्रीडासाधन. जलपंखावर चालणारी नौका एन्रिको फोर्लानिनी या इटालियन अभियंत्याने १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरात चालवून दाखविली (→ हायड्रोफॉइल नौका). लाटांवरील फळीला हे तत्त्व हवाईत लेअर्ड हॅमिल्टन आदी लाटस्वारांनी लावले आणि २०१६ च्या सुमारास काई लेनी या लाटस्वाराने वल्ह्यासह ते लोकप्रिय केले. पुढील मोठा पंख उत्थापक बल देतो, तर मागील लहान पंख स्थैर्य राखतो. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने लाट मिळताच फळी एकाएकी वर येते, म्हणून शिकणाऱ्यास भार पुढच्या पायावर घेऊन ती दाबून धरावी लागते. पंख पृष्ठभागाबाहेर आला की बल नाहीसे होऊन फळी कोसळते, आणि सारे कौशल्य फळीची पाण्यावरील उंची सांभाळण्यातच आहे. प्रारंभी आखूड दांडा, मोठा पंख, लहान व न फुटलेली लाट आणि शिरस्त्राण आवश्यक असते. महाराष्ट्रातील पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराला जवळच्या पवना आणि भामा-आसखेड जलाशयांत (→ पवना धरण) सागरी लाटा नसल्याने तेथे वल्हवणे व तोल यांचाच पाया घालता येतो; लाटेवरील सरावासाठी कोकण किनारा गाठावा लागतो व तोही पावसाळ्यातील खवळलेला समुद्र टाळून.